मृत्यूची नोंद शोधायची कुठे?

माणूस जिथे मरण पावतो, तिथल्या दप्तरात त्याच्या मृत्यूची नोंद होते. त्याचं गाव कोणतं, रेशनकार्ड कुठलं, शेत कुठे, अग्नी कुठे दिला, यातल्या कशाचाही त्या नोंदीच्या जागेशी संबंध नसतो. खटाव तालुक्यातल्या एखाद्या गावचे आजोबा पुण्याच्या रुग्णालयात वारले, देह गावी आणला, गावच्या स्मशानात दहन झालं, दहावं-तेरावंही तिथेच झालं, तरी त्यांची नोंद पुणे महापालिकेकडेच असते. घरचे मात्र ग्रामपंचायतीत जातात, कारण सगळ्या गावाने त्यांना तिथेच निरोप दिलेला असतो. रजिस्टर चाळलं जातं, नाव सापडत नाही, आणि नोंदच झालेली नाही अशी घरच्यांची समजूत होते. मग प्रतिज्ञापत्रं, वकील, तहसील अशी फरफट सुरू होते, आणि इतका वेळ दाखला दीडशे किलोमीटरवरच्या एका कार्यालयात निमूट पडून असतो. मृत्यूच्या दाखल्यासाठी होणारी पायपीट बरीचशी या एका गोष्टीने वाचते, म्हणून ती सगळ्यात आधी सांगितली.

‘पुणे’ एवढं कळूनही भागत नाही. पुणे महापालिका वेगळी, पिंपरी-चिंचवड वेगळी, पुणे आणि खडकी या छावण्यांची कटक मंडळं वेगळी, आणि हद्दीबाहेरच्या गावांत ग्रामपंचायत. रुग्णालय यातल्या कोणाच्या हद्दीत येतं, ते रुग्णालयाच्याच कार्यालयात विचारावं. तिथले लोक रोज त्याच निबंधकाकडे कागद पाठवत असतात. मुंबईत महापालिकेचं कोणतं विभाग कार्यालय, म्हणजे कोणता वॉर्ड, हेही कळायला हवं. हद्दी बदलतात, त्याचाही विचार करावा लागतो. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. त्या गावांत त्याआधी झालेल्या मृत्यूंची नोंद ग्रामपंचायतीच्या वहीत झालेली असते, आणि ती वही आता कुठे ठेवली आहे हे महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात विचारावं लागतं.

प्रवासात मृत्यू झाला तर? धावत्या वाहनात मृत्यू झाल्यास ते वाहन जिथे पहिल्यांदा थांबेल तिथे वाहनाच्या प्रमुखाने खबर द्यावी, असा नियम आहे. रुग्णवाहिकेत, वाटेत, रुग्णालयाच्या दारात असे मृत्यू पुष्कळ होतात, आणि तिथे ठिकाणाचा घोळ हमखास होतो. अशा वेळी डॉक्टरांनी दिलेल्या पहिल्या कागदावर मृत्यूचं ठिकाण काय लिहिलंय ते त्याच दिवशी वाचून घ्यावं. शवविच्छेदन झालं असेल तर पोलिसांच्या पंचनाम्यात काय लिहिलंय तेही पाहावं. पुढची सगळी कागदपत्रं त्या एका ओळीवर उभी राहतात.

या सगळ्याचा पाया म्हणजे जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९. महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू आहे. त्याआधी १८८६ चा एक कायदा होता, पण त्याखाली नोंद करणं ऐच्छिक होतं. १९६९ च्या कायद्याने ती सक्तीची झाली आणि खबर कोणी द्यायची हेही ठरलं. घरात मृत्यू झाला तर कुटुंबप्रमुखाने, तो नसेल तर घरातल्या जवळच्या नातेवाइकाने. रुग्णालयात झाला तर रुग्णालयाने. तुरुंगात झाला तर तुरुंगाधिकाऱ्याने. बेवारस देह सापडला तर गावच्या प्रमुखाने किंवा पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याने. खबर २१ दिवसांच्या आत द्यायची असते. गावात निबंधक म्हणजे ग्रामपंचायत अधिकारी, ज्यांना आपण अजूनही ग्रामसेवकच म्हणतो. शहरात नगरपालिका किंवा महापालिकेचा जन्म-मृत्यू विभाग.

रुग्णालयातल्या मृत्यूची खबर रुग्णालय देतं, हे खरं. पण त्या खबरीतली माहिती येते तुमच्याकडून. रडून थकलेल्या मुलाला किंवा पुतण्याला रात्री दोन वाजता कोणीतरी फॉर्म देतं, आणि तो आठवेल तसं नाव सांगतो. आपल्याकडे एका माणसाची नावं तरी किती! घरात बापू, गावात नाना, सातबाऱ्यावर ज्ञानू, शाळेच्या दाखल्यावर ज्ञानदेव, आधारकार्डावर ज्ञानेश्वर. बायकांचं तर माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं, आणि बँकेत कुठेतरी नुसतंच ‘सुमनबाई’. फॉर्मवर जे नाव पडेल तेच दाखल्यावर येणार, आणि बँक, विमा कंपनी, तलाठी, पेन्शन कार्यालय हे सगळे आपापल्या कागदावरचं नाव त्याच्याशी ताडून पाहणार. म्हणून फॉर्म भरण्याचं काम घरातल्या सगळ्यात शांत डोक्याच्या माणसाकडे द्यावं, मग तो जावई असो की शेजारी. त्याने आधारकार्ड समोर ठेवून नाव उतरवावं, इंग्रजी स्पेलिंगसकट. आई-वडिलांचं आणि पती किंवा पत्नीचं पूर्ण नाव, मृत्यूसमयीचा पत्ता आणि कायमचा पत्ता अशा सगळ्या ओळी नीट भराव्यात. सातबाऱ्यावर वेगळं नाव असेल तर ‘उर्फ’ घालून लिहिता येईल का, हे तिथल्या तिथे विचारावं.

हा फॉर्म म्हणजे नमुना क्रमांक २, आणि तो आतून कसा आहे हे फार कमी लोकांना माहीत असतं. त्याचे दोन भाग असतात. एक कायदेशीर भाग: नाव, लिंग, तारीख, ठिकाण, पत्ता, खबर देणाऱ्याची सही. वर्षभराचे हे भाग एकत्र बांधले की त्याचंच मृत्यू रजिस्टर होतं, आणि नियमांनुसार ते कधीही नष्ट करता येत नाही. दुसरा सांख्यिकी भाग: मृताचा व्यवसाय काय होता, मृत्यूपूर्वी वैद्यकीय उपचार मिळाले का, आजार कोणता होता, धूम्रपान, तंबाखू, सुपारी, दारू यांची सवय होती का आणि किती वर्षं. हा भाग आकडेवारीसाठी वरच्या कार्यालयाकडे जातो. माहिती देताना इथे लोक संकोचतात, वडील दारू प्यायचे हे कुठे लिहायचं म्हणून. तो भाग दाखल्यावर येत नाही, तेव्हा खरं ते लिहावं. कोणत्या जिल्ह्यात माणसं कशाने मरतात हे सरकारला कळण्याचा तो एक मार्ग आहे.

मृत्यूचं कारण हीसुद्धा अशीच स्वतंत्र गोष्ट. डॉक्टर ते वेगळ्या प्रमाणपत्रावर लिहितात, रुग्णालयातल्या मृत्यूसाठी नमुना ४ वर आणि घरी झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४-अ वर. कायद्याच्या कलम १७ मध्ये स्पष्ट म्हटलंय की कोणालाही दिलेल्या मृत्यूच्या उताऱ्यात कारण उघड करायचं नाही. त्यामुळे दाखल्यावर कारण नाही म्हणून हुज्जत घालण्यात अर्थ नसतो. कोविडनंतर हजारो कुटुंबांना ही गोष्ट फार कष्टाने कळली. मृताच्या वारसांना ५०,००० रुपयांची मदत मिळणार होती, पण मृत्यूच्या दाखल्यावर कोविडचा उल्लेख नव्हता आणि असणारही नव्हता. त्यासाठी डॉक्टरांचं कारणाचं प्रमाणपत्र किंवा तपासणीचा अहवाल लागला. ज्यांनी तो कागद स्मशानात देताना झेरॉक्स काढून ठेवली होती, त्यांचं काम सोपं झालं. २०२३ मध्ये कायद्यात जी दुरुस्ती झाली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली, तिच्यात कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला विनामूल्य द्यावी अशी तरतूद आहे. ती प्रत मागून घ्या. विम्याच्या दाव्याला तिचा उपयोग होतो.

नोंद झाली की खबर देणाऱ्याला पहिला दाखला फुकट मिळतो. दुरुस्तीनंतर तो सात दिवसांच्या आत द्यायचा आहे. आता नोंदी केंद्र सरकारच्या नागरी नोंदणी प्रणालीत, म्हणजे सीआरएस पोर्टलवर होतात, आणि दाखल्यावर क्यूआर कोड असतो. जास्तीच्या प्रती शुल्क भरून घेता येतात, आणि सुरुवातीलाच चार-पाच घेऊन ठेवलेल्या बऱ्या. बँक, विमा, भविष्य निर्वाह निधी, कुटुंब निवृत्तिवेतन, गॅस, वीजमीटर, सोसायटी, तलाठी असे सगळे एकाच वेळी मागतात, आणि त्यातले काही मूळ प्रतच मागतात.

आता उशिराची गोष्ट. २१ दिवस उलटले पण ३० दिवस व्हायचे आहेत, तर विलंब शुल्क भरून निबंधक नोंद करतो. ३० दिवस ते एक वर्ष या काळात जिल्हा निबंधकाची किंवा त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. एक वर्षानंतर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. पूर्वी हा आदेश न्यायालयातले प्रथम वर्ग दंडाधिकारी देत. २०२३ च्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हादंडाधिकाऱ्यांनी प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला. महाराष्ट्रात उशिराच्या नोंदींमधले गैरप्रकार पुढे आल्यावर राज्य शासनाने मार्च २०२५ मध्ये या अर्जांची छाननी बरीच कडक केली. त्यामुळे आता फक्त प्रतिज्ञापत्रावर भागेल अशी आशा धरू नये. रुग्णालयाची कागदपत्रं, स्मशानभूमीची पावती, पोलीस पाटलाचा दाखला, शवविच्छेदन अहवाल, जे जे मिळेल ते गोळा करूनच अर्ज करावा.

या अर्जाला आधी एक कागद जोडावा लागतो, तो म्हणजे अनुपलब्धता प्रमाणपत्र. संबंधित निबंधक आपलं रजिस्टर तपासून लिहून देतो की अमुक व्यक्तीच्या मृत्यूची नोंद आढळत नाही. सुरुवातीला सांगितलेली गफलत इथेच महागात पडते. गावच्या ग्रामपंचायतीने ‘नोंद नाही’ असं खरंखुरंच लिहून दिलं, त्यावर आदेश झाला, गावात दुसरी नोंद झाली, आणि पुण्यात आधीची होतीच. एका माणसाच्या दोन मृत्यूनोंदी, कदाचित दोन तारखांच्या! वारसांत वाद असेल तर हे प्रकरण कोर्टात वर्षानुवर्षं चालू शकतं. तेव्हा ‘नोंद नाही’ असं लिहून घेण्याआधी मृत्यू नक्की कुठे झाला हे घरातल्या वडीलधाऱ्यांना पुन्हा एकदा विचारावं.

नोंद आहे पण चुकली आहे, हे दुखणं त्याहून जास्त घरांत असतं. कलम १५ खाली दुरुस्ती करता येते. नावातली वेलांटी, आडनावातलं एक अक्षर अशी लेखनाची चूक निबंधक खात्री करून सुधारू शकतो. तारीख, ठिकाण, पतीचं नाव अशा तपशिलासाठी अर्जदाराचं आणि माहितगार दोघांचं प्रतिज्ञापत्र आणि पुरावे लागतात. दुरुस्ती करताना मूळ नोंद खोडायची नसते. समासात दुरुस्ती लिहून तारीख घालून सही करायची असते. जुन्या रजिस्टरची नक्कल काढाल तेव्हा पानाच्या कडेला काही लिहिलंय का तेही बघा, कित्येकदा आपल्याला हवं ते तिथेच असतं. आणि दाखल्याची चूक लक्षात आली की त्याच आठवड्यात अर्ज करा. माहिती देणारा माणूस, रुग्णालयाची फाईल, डॉक्टर, सगळे तेव्हा हाताशी असतात.

निबंधकाने नकार दिला किंवा अर्ज दाबून ठेवला तर? २०२३ पासून अपिलाची सोय आहे. निबंधकाच्या निर्णयाविरुद्ध ३० दिवसांत जिल्हा निबंधकाकडे, त्यांच्या निर्णयाविरुद्ध मुख्य निबंधकाकडे, आणि अपिलाचा निकाल ९० दिवसांत लागायला हवा. शिवाय दाखला ही महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खालची सेवा आहे. अर्ज तोंडी करू नये. लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. पोच नसेल तर अपिलाला पायच राहत नाही. कारकुनाशी भांडण मात्र शक्यतो टाळावं. गावोगावी एकेका ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे दोन-दोन, तीन-तीन गावांचा कारभार असतो, आणि जुनी बांधीव रजिस्टरं शोधायला वेळ लागतो. वर्ष, महिना आणि पूर्ण नाव लिहून दिलं की त्यांचंही काम हलकं होतं.

खरी कसोटी लागते ती १९७० च्या आधीच्या मृत्यूंसाठी. आणि त्यांचे दाखले लागतात, आजही लागतात. १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम निघाली, ती सातबाऱ्यावर अजून मयत खातेदारांची नावं आहेत म्हणूनच. कित्येक घरांत आजोबा नव्हे, पणजोबा अजून जमिनीचे मालक आहेत, आणि ते कधी वारले हे कोणालाच नक्की सांगता येत नाही.

त्या काळी गावात जन्म-मृत्यूची वही ठेवली जायची, गाव नमुना क्रमांक १४. तिलाच लोक कोतवाल बुक म्हणतात. जुन्या वह्या साधारणपणे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळतात. अर्ज करून शोध घेता येतो आणि नोंद सापडली तर नक्कल मिळते. पुष्कळशा वह्या मोडी लिपीत आहेत. मोडी जाणणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं, आणि हे काम अर्धवट येणाऱ्याच्या हाती देऊ नये, कारण मोडीत एक फाटा चुकला तर नाव बदलतं. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला तेव्हा याच वह्या राज्यभर पुन्हा उघडल्या गेल्या, आणि अनेक जिल्ह्यांत त्यांचं स्कॅनिंग झालं. तुमच्या जिल्ह्याच्या संकेतस्थळावर ती पानं असतील तर तहसीलला जाण्याआधी घरी बसून पाहता येतील. मराठवाड्याचं दप्तर निजामाच्या राजवटीतलं, तिथे उर्दू वाचणारा माणूस लागतो. जिल्हे फुटले त्याचाही हिशेब ठेवा: सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता, पालघर २०१४ पर्यंत ठाण्यात. गोव्यात मूळ असलेल्या कुटुंबांना पोर्तुगीज काळातल्या नोंदी तालुक्याच्या नागरी निबंधक कार्यालयात मिळतात, त्या पोर्तुगीज भाषेत असतात.

वर्ष माहीत नसेल तर एवढ्या वह्यांत शोधणार कुठे? आधी वर्ष शोधायचं. यासाठी सगळ्यात चांगला कागद म्हणजे जुना वारस फेरफार. गाव नमुना ६ मध्ये तलाठ्याने बहुधा लिहून ठेवलेलं असतं की खातेदार अमुक तारखेला मयत झाला, त्याचे वारस हे. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार ‘आपले अभिलेख’ या शासनाच्या पोर्टलवर पाहायला मिळतात. नोकरदार माणूस असेल तर सेवापुस्तक आणि निवृत्तिवेतनाची फाईल. ख्रिस्ती कुटुंबांसाठी चर्चची दफननोंद, वसईकडच्या जुन्या धर्मग्रामांत त्या पिढ्यान्‌पिढ्या ठेवल्या आहेत. हिंदू कुटुंबांसाठी नाशिक आणि त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय. अस्थी घेऊन किंवा श्राद्धविधीसाठी कोणी गेलं की ते आपल्या नामावळीत गाव, आडनाव, आलेल्यांची नावं, पूर्वजांची नावं लिहून घेतात. गाव आणि आडनाव सांगितलं की तुमच्या घराण्याचे उपाध्याय कोण हे रामकुंडावर कळतं. पणजोबांच्या अस्थी घेऊन आजोबा कोणत्या साली आले होते हे तिथे सापडलं, की तहसीलमध्ये एका वर्षाची वही मागता येते. उपाध्यायांची वही म्हणजे मृत्यूचा दाखला नव्हे, तरी तो दाखला कुठे आहे ते दाखवण्याइतकी ती बोलकी असते.

वर्तमानपत्रातली निधनवार्ताही अशीच कामाला येते. जिल्हा वृत्तपत्रांत गेली कित्येक दशकं ‘निधन’ या मथळ्याखाली चार-पाच ओळी छापून येतात: नाव, वय, राहणार कुठले, मागे कोण. पुढच्या पिढ्यांसाठी ती वारसांची एक छोटी यादीच असते, फक्त ती सरकारी नसते. जुने अंक पाहायचे तर आधी त्या वृत्तपत्राच्या कार्यालयात, मग जिल्ह्याच्या जुन्या सार्वजनिक वाचनालयात विचारावं. मुंबईत मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, आणि टाऊन हॉलमधलं एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे. शिवाय १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकांना पुस्तकं आणि, १९५६ पासून, वृत्तपत्रंही ठरावीक ग्रंथालयांना द्यावी लागतात, तेव्हा जुने अंक तिथेही शोधता येतात. निधनाची बातमी मृत्यूनंतर एक-दोन दिवसांनी येते आणि दशक्रियेची जाहिरात आठवड्याभरात, तेव्हा एखादी अंदाजे तारीख असेल तर पुढच्या पंधरा दिवसांचे अंक चाळावेत. सापडलेल्या पानाची प्रत काढून त्यावर वृत्तपत्राचं नाव, अंकाची तारीख आणि पान क्रमांक लिहून घ्यावा.

परदेशात मृत्यू झाला तर नोंद त्या देशात होते, आणि भारतीय नागरिक असेल तर तिथल्या भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासातही करून घ्यावी. गावची ग्रामपंचायत ती नोंद करू शकत नाही. उलट बाजूने, इथला दाखला परदेशातल्या बँकेला किंवा न्यायालयाला द्यायचा असेल तर आधी राज्य शासनाचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का लागतो, अर्थात तो देश अपोस्टिल करारात असेल तर. हाताने लिहिलेला जुना मराठी दाखला अशा कामाला अडतो. म्हणून त्याच निबंधकाकडून आधी नव्या छापील नमुन्यात, मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांतला दाखला घ्यावा, आणि नावाचं स्पेलिंग मृताच्या पासपोर्टाशी ताडून मगच साक्षांकनाला पाठवावा.